एमएमपी-९ ची नवी व्हायल आणि रीडरवर सपाट रेष: घोडं कुठे पेंड खातंय ते कसं शोधायचं

रिकॉम्बिनंट ह्युमन एमएमपी-९ (प्रोटीन कापणारं, झिंकवर चालणारं एन्झाइम) मागवलं, व्हायल ड्राय आइसमध्ये नीट आली, असे (एन्झाइम किती काम करतंय ते मोजायची चाचणी) लावली आणि सिग्नल शून्य. ही तक्रार मी इतक्यांदा निस्तरलीय की आता कोणी "एन्झाइम मेलंय" म्हणत आलं की मी व्हायल नंतर बघते, आधी ग्राफ मागते. कारण बहुतेक वेळा ते मेलेलं नसतंच. एकतर त्याला जागं केलेलं नसतं, नाहीतर बफरमधल्या कशाने तरी त्याचा धातू पळवलेला असतो, नाहीतर प्लेटमधली चमक मोजणारा रीडर भलतीकडेच बघत असतो. नवी व्हायल मागवून यातलं काहीच सुटत नाही, फक्त तीच चूक ताज्या एन्झाइमवर परत होते.

खाली जे लिहिलंय ते फुल लेंग्थ प्रो-एमएमपी-९ (एन्झाइमचा अख्खा पण अजून बंद असलेला फॉर्म) आणि फ्लुरोसंट पेप्टाइड सबस्ट्रेट धरून आहे, म्हणजे एका टोकाला एमसीए हा चमकणारा डाय, दुसरीकडे त्याची चमक दाबणारा डीपीए हा क्वेंचर, मध्ये प्रो-ल्यू-ग्लाय-ल्यू ही अमिनो आम्लं, आणि ग्लाय-ल्यूच्या मध्ये कट पडला की चमक वाढते. बाकीच्या एमएमपींनाही यातलं बरंचसं लागू पडतं, जिथे फरक आहे तिथे सांगितलंय.

आधी लक्षणं

रेष सपाट आणि ब्लँकला (प्लेटच्या ज्या खळग्यात, म्हणजे वेलमध्ये, एन्झाइम टाकलेलं नाही त्याला) चिकटलेली: एन्झाइम अ‍ॅक्टिव्हेट झालेलं नाही, धातू गेलाय किंवा रीडरची वेव्हलेंग्थ चुकलीय.

रेष सपाट पण वरती, पहिल्याच रीडिंगला मोठा आकडा: याला लोक "काम करत नाही" म्हणतात, पण हे जास्त काम करतंय. तुम्ही प्लेट आत सरकवेपर्यंत सबस्ट्रेट संपलेलं असतं.

सुरुवातीला छान चढते आणि काही मिनिटांतच वाकते: सबस्ट्रेट संपतंय, किंवा एन्झाइम प्लॅस्टिकला चिकटून बसतंय.

आधी काहीच नाही, मग हळूहळू चढ सुरू: अ‍ॅक्टिव्हेशन अर्धवट राहिलंय आणि उरलेलं वेलमध्येच चाललंय, किंवा प्लेट थंड होती आणि आत जाऊन तापली.

मागच्या आठवड्यात चाललं, आज तीच व्हायल निम्मी: फ्रीझ-थॉ, म्हणजे पुन्हा पुन्हा गोठवणं आणि वितळवणं. यात फार डोकं लावायला नको.

झायमोग्रामवर (जिलेटिनवालं जेल, एन्झाइमने जिलेटिन खाल्लं की तिथे पट्टा दिसतो) झकास बँड, प्लेटमध्ये शून्य: सगळ्यात जास्त लोक इथे चक्रावतात, आणि गंमत म्हणजे निदान करायला सगळ्यात सोपं हेच आहे. खाली येतंच आहे.

नुसता ब्लँकच चढतोय: एन्झाइमचा संबंध नाही. बफरमध्ये काहीतरी वाढलंय किंवा सबस्ट्रेटचा स्टॉक खराब आहे. दोन्ही ताजे करा आणि पुढे चला.

फुकटची तपासणी: डेटाशीट आणि ग्राफ

डेटाशीटवर बघा की आलेलं प्रोटीन प्रो-फॉर्म आहे, अ‍ॅक्टिव्ह आहे की नुसतं कॅटॅलिटिक डोमेन, म्हणजे फक्त कापणारा भाग. ही ओळ कोणी वाचत नाही. कॅटॅलिटिक डोमेन असेल तर ते तयारच असतं, थेट वापरायचं. प्रो-फॉर्म असेल तर तुम्ही काहीही करा, अ‍ॅक्टिव्हेट केल्याशिवाय ते काम करणार नाही, कारण त्याचं प्रोडोमेन म्हणजे तोंडात कोंबलेला बोळाच आहे. प्रोडोमेनमधलं एक सिस्टीन (पीआरसीजीव्हीपीडी या ओळखीच्या तुकड्यातलं सी) सरळ अ‍ॅक्टिव्ह साइटच्या झिंकला धरून बसतं, त्यामुळे पाण्याचा रेणू तिथे बसू शकत नाही आणि कटच होत नाही. याला सिस्टीन स्विच म्हणतात, १९९० मध्ये व्हॅन वॉर्ट आणि बर्केडाल-हॅन्सन यांनी ही कल्पना सगळ्या एमएमपी घराण्याला लावून दाखवली, तेव्हापासून हे समजलेलं आहे. तरी दरवर्षी नवीन मुलं प्रो-फॉर्म थेट सबस्ट्रेटमध्ये टाकतात.

आणि झायमोग्रामचं कोडं इथेच सुटतं. जिलेटिन जेलमध्ये एसडीएस असतं, एसडीएस प्रोटीन उलगडतं, नंतर ट्रायटन एक्स-१०० ने एसडीएस धुतलं की प्रोटीन परत घडी घालतं पण तो सिस्टीन काही पूर्वीच्या जागी नीट बसत नाही, म्हणून प्रोडोमेन न तुटताच प्रो-फॉर्म जिलेटिन खायला लागतो. म्हणजे ९२ किलोडाल्टनला निळ्या जेलमध्ये पांढरा पट्टा दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की प्रोटीन शाबूत आहे. तुमच्या ट्यूबमध्ये ते अ‍ॅक्टिव्ह आहे असा अर्थ नाही. अ‍ॅक्टिव्ह फॉर्म त्याच्या खाली, ८२-८३ च्या आसपास दिसतो.

दुसरं फुकटचं काम म्हणजे रॉ डेटा उघडणं. सॉफ्टवेअरने काढलेला स्लोप बघू नका, प्रत्येक मिनिटाचे आकडे बघा. वरती सपाट असेल तर तेच एन्झाइम १० पट आणि १०० पट पातळ करून परत लावा. पातळ केल्यावर चढ दिसायला लागला तर तुमचा प्रॉब्लेम तिथेच संपला, पुढचं वाचायचीही गरज नाही. १०० मायक्रोलिटरमध्ये २० नॅनोग्रॅमच्या आसपास एन्झाइम आणि १० मायक्रोमोलर सबस्ट्रेट इथून सुरुवात केली तर बहुधा बरी रेष मिळते.

रीडर

एमसीएसाठी एक्सायटेशन ३२० आणि एमिशन ४०५ नॅनोमीटर. मोनोक्रोमेटरवाला रीडर असेल तर आकडे टाकले की झालं, पण फिल्टरवाल्या रीडरमध्ये बऱ्याचदा ३५५/४६० ची जोडी बसवलेली असते, ती एएमसी नावाच्या वेगळ्या डायसाठी ठीक आहे. नावं सारखी वाटतात म्हणून लोक तोच सेव्ह केलेला प्रोटोकॉल चालवतात आणि मग सिग्नल इतका क्षीण येतो की तो ब्लँकमध्ये हरवून जातो. प्लेट काळीच हवी आणि वाचन वरून. तळातून वाचायचं सेटिंग चुकून राहिलं असेल आणि प्लेटचा तळ काळा असेल तर रीडरला काय दिसणार.

हे सगळं एका झटक्यात तपासायचा उपाय म्हणजे क्वेंचर नसलेलं एमसीए-प्रो-ल्यू हे छोटं पेप्टाइड. ते आधीच चमकतं, त्याला एन्झाइम लागत नाही. त्याची चार-पाच पातळ्यांची स्टँडर्ड कर्व्ह लावा. ती सरळ आली तर रीडर निर्दोष, आता त्याच्या मागे लागू नका. ती आली नाही तर एन्झाइमवर वेळ घालवणं बंद करा, कारण ज्या डोळ्यांनी तुम्ही बघताय तेच बंद आहेत. हा स्टँडर्ड पुढे आकडे पिकोमोलमध्ये बदलायलाही लागतो, म्हणजे वाया जात नाही.

सबस्ट्रेट वाढवून सिग्नल वाढेल असं वाटून ५०-१०० मायक्रोमोलर टाकणारे असतात. तसं करू नका, इनर फिल्टर इफेक्ट होतो, म्हणजे सबस्ट्रेट स्वतःच प्रकाश गिळायला लागतं आणि रेष उलट वाकते. इनहिबिटर (एन्झाइम रोखणारी कंपाऊंड) स्क्रीन करत असाल आणि तुमचं कंपाऊंड पिवळं असेल तर तेही हाच प्रताप करतं, आणि पेपरात ते "पोटंट इनहिबिटर" होऊन बसतं.

व्हायल

उघडायच्या आधी स्पिन केली होती का? लायोफिलाइज्ड (गोठवून वाळवलेलं) असेल तर पावडर दिसतही नाही इतकी कमी असते, आणि ती झाकणाला चिकटलेली असते. झाकण उघडलं की अर्धं एन्झाइम ग्लोव्हवर. पाण्यात विरघळवायचं की दिलेल्या बफरमध्ये तेही डेटाशीटवर असतं, आणि व्हॉर्टेक्स करायचं नाही, फेस म्हणजे प्रोटीनचं नुकसान.

साठवण मायनस ८० ला, एकेका वापरापुरत्या छोट्या अ‍ॅलिकॉटमध्ये, आणि प्रो-फॉर्ममध्येच. अ‍ॅक्टिव्हेट केलेलं एन्झाइम ठेवून देऊ नका. ते प्रोटीएझ आहे, शेजाऱ्यालाच खातं. एकदा जागं केलं की त्याच दिवशी वापरायचं, उरलेलं टाकून द्यायचं, जीव तुटला तरी.

पातळ केलेलं एन्झाइम साध्या ट्यूबमध्ये बर्फावर तासभर ठेवलं तरी ते कमी होतं. नॅनोग्रॅम पर मिलिलिटरच्या पातळीला प्रोटीन भिंतीला चिकटतं आणि मग पहिल्या रांगेत जास्त आणि शेवटच्या रांगेत कमी असा उतार प्लेटभर दिसतो. त्यासाठीच असेच्या बफरमध्ये ०.०५ टक्के ब्रिज-३५ हे डिटर्जंट असतं. ते वगळून "आमच्याकडे नव्हतं" म्हणणाऱ्यांच्या डेटात हा उतार मला कायम सापडतो. लो-बाइंड ट्यूब वापरा आणि शेवटचं डायल्युशन अगदी ऐनवेळी करा.

बफर, इथे थोडं थांबा

एमएमपी-९ ला दोन धातू लागतात. झिंक कटचं काम करतं आणि कॅल्शियम घडी टिकवतं. त्यामुळे बफर बघताना एकच प्रश्न विचारायचा: यातलं काय माझा धातू धरून ठेवेल?

पहिला संशयित ईडीटीए, म्हणजे धातू धरून ठेवणारं रसायन. ते तुम्ही टाकलेलं नसतं, ते आलेलं असतं. शेल्फवरचं "ट्रिस बफर" म्हणून उचललं ते टीई, म्हणजे ट्रिस अधिक ईडीटीए, होतं. सेल लायसेटमध्ये प्रोटीएझ इनहिबिटर कॉकटेल होतं आणि ते ईडीटीएवालं होतं (ईडीटीए-फ्री वेगळं मिळतं, डब्यावर लिहिलेलं असतं). प्लाझ्मावर प्रयोग करायचाय आणि ट्यूब जांभळ्या झाकणाची आहे, म्हणजे आत ईडीटीए आहेच. एमएमपीचा नमुना घ्यायचा तर हेपरिनवालं प्लाझ्मा घ्या.

दुसरा संशयित फॉस्फेट. पीबीएस या फॉस्फेट बफरमध्ये १० मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड टाका आणि ट्यूब उजेडासमोर धरा. आधी काही दिसणार नाही, मग धूर सोडल्यासारखा पांढुरका पडदा येतो आणि थोड्या वेळाने तळाला बसतो. तो कॅल्शियम फॉस्फेट. तुमचं कॅल्शियम तळाशी गेलं आणि वर एन्झाइम उपाशी. शिवाय ते गढूळपण फ्लुरोसन्सही बिघडवतं. म्हणून या असेमध्ये ट्रिस: ५० मिलीमोलर ट्रिस, १० मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड, १५० मिलीमोलर सोडियम क्लोराइड, ०.०५ टक्के ब्रिज-३५, पीएच ७.५. याला टीसीएनबी म्हणतात.

तिसरं म्हणजे ट्रिसचा पीएच, आणि हे अगदी सराईत माणसांकडूनही सुटतं. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर घसरतो, दर अंशाला साधारण ०.०२८. कोल्ड रूममध्ये ४ अंशाला ७.५ केलेला बफर ३७ अंशाला ६.६ च्या आसपास जातो. ज्या तापमानाला असे करणार त्याच तापमानाला पीएच लावा.

झिंक कमी पडलं असेल म्हणून मुठीने झिंक क्लोराइड ओतू नका. झिंक घट्ट बसलेलं असतं, कोणी ओढून नेलं नाही तर ते जात नाही, आणि जास्त झालेलं झिंक एन्झाइमला उलट आवरतं. डीटीटी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही थायोल पण दूर ठेवा. एक तर थायोल झिंकला धरतं, दुसरं म्हणजे पुढच्या पायरीचा सत्यानाश करतं.

बफर नवा करणं हे काम अर्ध्या तासाचं आहे, म्हणून शंका असेल तर तपासत बसू नका, ताजं बनवा, वेगळ्या बाटलीत, वेगळ्या पाण्याने.

अ‍ॅक्टिव्हेशन

सपाट रेषेच्या केसेसमध्ये घोडं बहुतेकदा इथेच पेंड खात असतं. एपीएमए हे पाऱ्याचं संयुग आहे, ते प्रोडोमेनच्या त्या सिस्टीनला धरतं, झिंक मोकळं होतं आणि मग एन्झाइम स्वतःच स्वतःचं प्रोडोमेन तोडून टाकतं. आता लक्षात येईल की डीटीटी का नको: एपीएमए सिस्टीन सोडून डीटीटीलाच धरेल.

एमएमपी-९ साठी एपीएमए १ मिलीमोलर, एन्झाइम १०० मायक्रोग्रॅम पर मिलिलिटरच्या आसपास, ३७ अंश, आणि वेळ तब्बल २४ तास. एमएमपी-२ ला एक तास पुरतो, आणि लोक एमएमपी-२ चा प्रोटोकॉल उचलून एमएमपी-९ ला लावतात. एक तासानंतर एमएमपी-९ जेमतेम डोळे उघडतं. ते "हळूहळू चढणारी रेष" लक्षण आठवतंय ना, ते हेच. एमएमपी-३ ची तऱ्हा अजून निराळी, त्याला कायमोट्रिप्सिन हे दुसरं प्रोटीएझ देऊन अर्ध्या तासात उठवतात, मग ते कायमोट्रिप्सिन बंद करायची वेगळी काळजी. थोडक्यात, डेटाशीटवर तुमच्याच लॉटचा वेळ आणि तापमान असेल तर तेच पाळा.

एपीएमएचा स्टॉक नीट बघा. पाण्यात ते विरघळत नाही. डीएमएसओत १०० मिलीमोलर करतात आणि वापरायच्या वेळी शंभर पट पातळ. स्टॉक दुधाळ असेल किंवा तळाला पांढरे कण असतील तर तुमचं १ मिलीमोलर हे कागदावरचं. काहीजण ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये १० मिलीमोलर करतात, तेही चालतं, पण मग दहा पट पातळ करताना १० मिलीमोलर अल्कली तुमच्या ५० मिलीमोलर ट्रिसमध्ये येते आणि पीएच वर जातो. अशा वेळी थोडासा थेंब पीएच पट्टीवर टाकून बघाच.

उलट बाजूही आहे. २४ चे ४८ तास झाले तर एन्झाइम स्वतःलाच पुढे तोडत जातं, ८२ च्या खाली ६५ किलोडाल्टनच्या जवळ तुकडा दिसायला लागतो. म्हणून शंका असेल तर एकाच ट्यूबमधून ०, २, ४, ८, २४ तासांना थोडं थोडं काढून लगेच प्लेटमध्ये टाका. हा टाइम कोर्स एकदा केला की तुमच्या लॉटचं गणित कळतं.

एपीएमए हाताळताना ग्लोव्ह, हूड, आणि पाऱ्याच्या वेगळ्या कचऱ्यात टाकणं. सिंकमध्ये नाही. टीप्ससुद्धा त्याच डब्यात.

कंट्रोल्स, ज्यांना लोक वेल वाचवायला वगळतात

चार वेल: अ‍ॅक्टिव्हेट केलेलं एन्झाइम, तेच न अ‍ॅक्टिव्हेट केलेलं पण तितकाच वेळ ३७ ला ठेवलेलं, नुसतं एपीएमए, आणि अ‍ॅक्टिव्हेट केलेलं अधिक जीएम-६००१. हे शेवटचं एक हायड्रॉक्सॅमेट आहे, झिंकला घट्ट धरतं आणि एमएमपी बंद पाडतं. त्याने सिग्नल पडला तर जे दिसत होतं ते खरंच एमएमपीचं. पडला नाही तर प्लेटमध्ये दुसरंच कोणीतरी प्रोटीएझ काम करतंय, आणि मग तुमचा आधीचा "चांगला" डेटाही संशयात.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून दुसऱ्या एखाद्या एमएमपीचं कॅटॅलिटिक डोमेन, जे तयार अ‍ॅक्टिव्ह येतं, फ्रीझरमध्ये असू द्या. ते त्याच बफरमध्ये, त्याच सबस्ट्रेटवर चाललं तर रीडर, बफर, सबस्ट्रेट तिघेही सुटले आणि संशय उरतो फक्त तुमच्या व्हायलवर किंवा अ‍ॅक्टिव्हेशनवर. खरं सांगायचं तर ही एक ट्यूब असली तर वरचं निम्मं काम वाचतं.

अवघड तपासण्या

इथवर सगळं बरोबर असूनही रेष सपाट असेल तर जेल चालवा. रिड्यूसिंग जेल, आधी आणि नंतरचा नमुना शेजारी शेजारी, सिल्व्हर स्टेन. सॅम्पल बफर टाकायच्या आधी ईडीटीए टाका, नाहीतर गरम होईपर्यंत एन्झाइम आणखी कापत बसतं आणि तुम्हाला खोटे तुकडे दिसतात. ९२ चं ८२ झालंय पण अ‍ॅक्टिव्हिटी नाही, असं दिसलं तर दोन शक्यता: घडी बिघडलीय, किंवा सोबत टिंप-१ हे एमएमपी बंद पाडणारं नैसर्गिक प्रोटीन आलंय. सस्तन पेशींमध्ये बनवलेल्या प्रो-एमएमपी-९ ला टिंप-१ त्याच्या हिमोपेक्सिन डोमेनजवळ चिकटून शुद्धीकरणातून सोबत येऊ शकतं, आणि प्रोडोमेन निघालं की तेच अ‍ॅक्टिव्ह साइट बुजवतं. सिल्व्हर जेलवर २८ च्या आसपास बँड असेल तर टिंप-१ चा वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने तपासणी) करा.

आणि ९२ चं ९२ च राहिलं असेल तर परत एपीएमएकडे जा, बाकी काही नाही.

अ‍ॅक्टिव्ह साइट टायट्रेशन, म्हणजे घट्ट बसणारा इनहिबिटर थोडा थोडा वाढवत नेऊन किती टक्के रेणू खरंच जिवंत आहेत ते काढणं, हे केआय (इनहिबिटर किती घट्ट बसतो त्याचा आकडा) वगैरे काढायचे असतील तरच करा. नुसतं "चालतं का" बघायला ते करणं म्हणजे उगाच व्हायल संपवणं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

स्टँडर्ड कर्व्हच येत नसेल तर सर्व्हिस इंजिनिअर. लॅम्प, फिल्टर, ऑप्टिक्स स्वतः उघडू नका.

एपीएमएची पावडर सांडली किंवा डीएमएसओतला स्टॉक अंगावर गेला तर प्रयोग तिथेच सोडा आणि सेफ्टी ऑफिसरला बोलवा. डीएमएसओ त्वचेतून आत नेतं, "धुतलं की झालं" हा विचार इथे चालत नाही.

जेलवर बँडच नाही, भलत्याच साइजला आहे, किंवा टिंप सापडलं, तर ते तुमच्या हातात नाही. मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या कोअर फॅसिलिटीला नमुना द्या आणि कंपनीच्या टेक्निकल सपोर्टला लिहा. लिहिताना "एन्झाइम काम करत नाही" एवढंच लिहिलं तर उत्तर येतं ते "कृपया डेटाशीट बघा". लॉट नंबर, विरघळवल्याची तारीख, बफर काय, एपीएमएचा स्टॉक कशात आणि कधी केला, अ‍ॅक्टिव्हेशन किती तास, चारही कंट्रोलचा रॉ डेटा आणि जेलचा फोटो एकाच मेलमध्ये पाठवा. उत्तर येईपर्यंत उरलेले अ‍ॅलिकॉट मायनस ८० मध्येच राहू द्या, अजून एकदा बघू म्हणून वितळवू नका, ते कदाचित हेच न उघडलेले परत मागतील.